प्रकल्प नोंदी: स्वतः सांभाळलेलं पोस्टग्रेस मॅनेज्ड डेटाबेसवर नेताना

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून नोंदी एका जागी, कारण चॅटमध्ये टाकलेलं महिन्याभराने कोणालाच सापडत नाही. सध्याची परिस्थिती: एका व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) पोस्टग्रेस डेटाबेसचं १२ व्हर्जन, डेटा साधारण ६०० जीबी, शेजारी एक रेप्लिका (डेटाची सतत अपडेट होणारी कॉपी) जिचा लॅग, म्हणजे ती किती मागे आहे, ते कोणी बघत नाही, आणि रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालणारा पीजी डंप, म्हणजे फाइलमध्ये घेतलेला बॅकअप. १२ चा कम्युनिटी सपोर्ट नोव्हेंबर २०२४ ला संपला, म्हणजे आता सिक्युरिटी पॅचसुद्धा येणार नाहीत. अपग्रेड करायचंच आहे तर मॅनेज्डवरच, म्हणजे सर्व्हर क्लाउड कंपनीने सांभाळायचा अशा डेटाबेसवरच, जाऊ असं ठरलंय.

मॅनेजरांनी एक तुलनेची शीट पाठवलीये, उभ्या रांगेत फीचर आणि आडव्या रांगेत कंपन्या, आणि जवळपास सगळ्या चौकोनांत "हो". अशा शीटवरून काहीही निवडता येत नाही. बॅकअप आहे का, तर सगळ्यांकडे आहे, पण तो परत उभा करायला किती वेळ लागतो आणि उभा झाल्यावर अ‍ॅप त्याला जोडायला काय काय हाताने करावं लागतं, ते शीटमध्ये कुठेच नाही आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

५ मार्च, बुधवार

बिझनेसवाल्यांबरोबर मीटिंग. दोनच प्रश्न विचारले: डेटाबेस गेला तर शेवटचा किती वेळाचा डेटा गेलेला चालेल, आणि किती वेळ सिस्टिम बंद चालेल. पहिलं उत्तर अर्थातच "शून्य आणि शून्य". मग म्हटलं शून्य हवं तर बजेट तिप्पट धरा, तेव्हा गाडी पाच मिनिटं आणि एक तासावर आली. या दोन आकड्यांना अनुक्रमे आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, पण मीटिंगमध्ये ही नावं घेतली की लोक मान डोलावतात आणि आकडा देत नाहीत, म्हणून साध्या भाषेत विचारायचं.

७ मार्च, शुक्रवार

पर्याय बघितले, थोडक्यात लिहून ठेवतो.

अ‍ॅमेझॉनचं आरडीएस २००९ मध्ये मायएसक्यूएल घेऊन सुरू झालं, पोस्टग्रेस २०१३ मध्ये आलं. आतमध्ये नेहमीचंच पोस्टग्रेस, मल्टी-एझेड (एकापेक्षा जास्त झोन, म्हणजे वेगवेगळी डेटा सेंटर) घेतलं की दुसऱ्या झोनमध्ये सिंक्रोनस स्टँडबाय (प्रत्येक बदल त्याच वेळी पोचणारी कॉपी), पण त्या स्टँडबायवर रीड क्वेऱ्या चालवता येत नाहीत, तो नुसता राखीव. (दोन वाचता येणारे स्टँडबाय देणारा क्लस्टर प्रकार वेगळा, दोघांची नावं इतकी सारखी आहेत की बिलात बघूनच कळतं कुठलं घेतलंय.) ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस, आणि त्यात साधारण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंतच्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं.

ऑरोरा हेही अ‍ॅमेझॉनचंच, वरचं इंजिन पोस्टग्रेससारखं पण खालचं स्टोरेज पूर्ण वेगळं, डेटाच्या सहा कॉप्या तीन झोनमध्ये, सहापैकी चार जागी लिहिलं गेलं की कमिट (बदल कायम करणं) पक्कं. १५ पर्यंत रेप्लिका. डिझाइन खरंच सुंदर आहे. पण स्टँडर्ड प्रकारात प्रत्येक आयओचे (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचे) पैसे वेगळे लागतात आणि आपला रात्रीचा बॅच लाखो रो लिहितो, त्यामुळे बिल किती येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. २०२३ मध्ये आयओचे वेगळे पैसे न लावणारा प्रकार आला, पण त्यात मशीन आणि स्टोरेजचा दर जास्त. ६०० जीबीसाठी माझ्या मते हे जरा जास्तच होतं.

गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये हाय अव्हेलेबिलिटी (एक मशीन पडलं तरी चालू राहणं) दोन झोनमध्ये सिंक्रोनस कॉपी होणाऱ्या डिस्कवर चालते. अझूरचा फ्लेक्झिबल सर्व्हर स्टँडबायला पोस्टग्रेसच्याच रेप्लिकेशनने डेटा पाठवतो आणि त्यात पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांना वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) आतच बसवलेला मिळतो, ही गोष्ट मला मनापासून आवडली. त्यांचा जुना सिंगल सर्व्हर मात्र याच महिन्यात २८ तारखेला बंद होतोय, ज्यांनी तो घेतला होता त्यांना परत सगळं हलवावं लागतंय. मॅनेज्ड घेतलं म्हणजे स्थलांतर कायमचं संपलं असं नसतं, हे मॅनेजरांना दाखवायला बरं उदाहरण.

१० मार्च, सोमवार

निर्णय: आरडीएस, साधं पोस्टग्रेस १६, मल्टी-एझेड. खरं कारण एकच, अ‍ॅप आधीपासून त्याच क्लाउडवर आहे. आपल्या मुख्य पेजला चाळीसेक क्वेऱ्या लागतात एकापाठोपाठ एक, डेटाबेस दुसऱ्या क्लाउडवर ठेवला आणि जायला-यायला नुसते ५ मिलिसेकंद जास्त लागले तरी पेजमागे २०० मिलिसेकंद गेले. अ‍ॅप अझूरवर असतं तर अझूरच घेतलं असतं, त्यात काही लाजायचं नाही.

१७ का नाही असं विचारलं गेलं. ते सप्टेंबर २०२४ ला आलंय, अजून दोन-चार मायनर रिलीज जाऊ देत. प्रत्येक मेजर व्हर्जनला पाच वर्षं मिळतात, १६ ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत वेळ आहे.

मशीनबद्दल: टी क्लास (आरडीएसचा एक मशीन प्रकार) नको. त्यात सीपीयूचं क्रेडिट जमतं आणि खर्च होतं, रात्रीच्या बॅचला ते संपणार आणि आरडीएसवर नवे टी क्लास अनलिमिटेड मोडमध्ये चालतात म्हणजे जास्तीचा वापर थेट बिलात. डिस्कसाठी जीपी३ प्रकार. जुन्या जीपी२ मध्ये जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचणं-लिहिणं) मिळायचे, म्हणून लोक वेग हवा म्हणून रिकामी डिस्क मोठी घ्यायचे. जीपी३ मध्ये सुरुवातच ३,००० पासून. एक महत्त्वाचं, डिस्क वाढवता येते पण त्याच इन्स्टन्सवर (चालू डेटाबेस सर्व्हरवर) लहान करता येत नाही, त्यामुळे आत्ता उगाच २ टीबी घेऊन ठेवू नका.

१२ मार्च, बुधवार

आपल्याकडून काय काय जाणार याची यादी. सुपरयूजर (सगळे अधिकार असलेला यूजर) मिळत नाही, जो मिळतो त्याचे अधिकार कापलेले असतात. सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल कॉपी कमांडने भरता येणार नाही, क्लायंटच्या बाजूने भरायची. एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायच्या जास्तीच्या सोयी) त्यांच्या यादीतलीच. आणि घोडं अडलं ते इथे: कोणीतरी कधीकाळी दोन फंक्शन्स पायथनमध्ये डेटाबेसच्या आत लिहिलीयेत, ती भाषा तिथे चालत नाही. एक फंक्शन पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भाषेत) सहज लिहिता आलं. दुसरं बाहेरच्या एपीआयला कॉल करतं! डेटाबेसच्या आतून, ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून! ते अ‍ॅपमध्ये हलवायला बॅकएंडला दिलंय. मशीनवर लॉगिन नाही म्हणजे लॉग फाइल ग्रेप करायची (त्यात शब्द शोधायची) सवयही सोडायची, पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (कुठली क्वेरी किती वेळ खाते ते दाखवणारं एक्स्टेन्शन) चालू करून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

आज रिस्टोरची परीक्षा, प्रॉडक्शन हलवायच्या आधी. लीडला वाटत होतं हे नंतर करू. मी आग्रह धरला कारण २०१७ मधलं गिटलॅबचं (कोड साठवायच्या साइटचं) प्रकरण सगळ्यांनी वाचलेलं आहे पण त्यातला मुद्दा विसरतात. ३१ जानेवारीला चुकून प्रायमरीची (मुख्य डेटाबेस सर्व्हरची) डेटा डिरेक्टरी उडवली गेली, हे लक्षात राहतं. त्यांचा पीजी डंप ९.२ चा होता आणि सर्व्हर ९.६, त्यामुळे डंप होतच नव्हता, आणि फेल झाल्याचे मेल डीमार्कच्या (मेल खरा आहे का ते तपासणाऱ्या) नियमामुळे नाकारले जात होते, हे राहत नाही. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची कॉपी) होता म्हणून निभावलं.

तर आपलं. टेस्ट इन्स्टन्समध्ये पूर्ण डेटा भरला होता. दहा वाजता ऑर्डर्स टेबलमधल्या काही रो मुद्दाम उडवल्या आणि नऊ पंचावन्नच्या क्षणाला परत जायचं असं ठरवलं. पहिली गोष्ट, रिस्टोर कधीच त्याच इन्स्टन्सवर होत नाही, नवीन इन्स्टन्स उभा राहतो, नवीन नाव, नवीन एन्डपॉइंट (जोडायचा पत्ता). तो "अव्हेलेबल" दिसायला पाऊण तासाच्या आत झालं आणि सगळे खूश. कनेक्ट केलं तर टाइमआउट, कारण फायरवॉलचा ग्रुप डिफॉल्ट लागला होता, तो हाताने बदलला. मग ऑर्डर्सवर काउंट मारला आणि बसून राहिलो. १४ मिनिटं. तीच क्वेरी परत मारली तर ४० सेकंद.

कारण असं की स्नॅपशॉटमधून बनलेल्या डिस्कवर डेटा लगेच नसतो, जो ब्लॉक पहिल्यांदा वाचाल तो तेव्हा मागच्या स्टोरेजमधून ओढला जातो. म्हणजे "अव्हेलेबल" हा शब्द खरा आहे पण अ‍ॅपचा पूर्ण ट्रॅफिक त्यावर सोडला तर पहिला तासभर सगळ्या क्वेऱ्या रांगेत. एक तासाचा जो आकडा बिझनेसने दिलाय तो इथेच संपला. उपाय म्हणून कागदपत्रात हे लिहिलं: (अ) पूर्ण रिस्टोर हा शेवटचा मार्ग, झोन गेला तर फेलओव्हर (स्टँडबायला मुख्य करणं), (ब) कोणी चुकीचं डिलीट मारलं तर रिस्टोर बाजूला उभा करून फक्त तेवढ्या रो काढून परत भरायच्या, अ‍ॅप तिकडे वळवायचं नाही, (क) वळवायचंच झालं तर आधी मोठी पाच टेबलं आणि त्यांचे इंडेक्स पूर्ण वाचून गरम करायचे, तेही अनेक कनेक्शनवरून एकदम, स्क्रिप्ट रेपोमध्ये टाकली आहे.

शिवाय एक बारीक अक्षरातली गोष्ट: इन्स्टन्स डिलीट केला आणि ऑटोमॅटिक बॅकअप ठेवा असं सांगितलं नाही, तर ते बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. हाताने घेतलेले स्नॅपशॉट राहतात. डिलीशन प्रोटेक्शन चालू केलं, आणि रोजची एक कॉपी वेगळ्या अकाउंटमध्ये जाईल असं लावलं, कारण अकाउंटचाच पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर बाकीचं सगळं व्यर्थ.

२४ मार्च, सोमवार

कनेक्शनचा हिशोब. अ‍ॅपचे १२ पॉड (चालू कॉप्या), प्रत्येकी ४ वर्कर (प्रोसेस), प्रत्येक वर्करचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) १० चा, म्हणजे ४८०. डिप्लॉयच्या वेळी जुने आणि नवे पॉड थोडा वेळ एकत्र चालतात, म्हणजे ९६० पर्यंत. आरडीएसमध्ये पोस्टग्रेसची कनेक्शनची मर्यादा रॅमवरून ठरते (बाइट्समधली मेमरी भागिले ९५,३१,३९२, वर ५,००० ची कमाल), ३२ जीबीला ती साडेतीन हजाराच्या आसपास येते. हे बघून बॅकएंडवाला म्हणाला मग काय प्रॉब्लेम, भरपूर आहेत की. प्रॉब्लेम हा की पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक अख्खी प्रोसेस, आणि आपल्याकडे कोअर आठ. साडेतीन हजार जण आत येऊ शकतात, काम एका वेळी आठांचंच होणार, बाकीचे मेमरी खात उभे.

पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच द्यायचं) लावला, मागे फक्त ६० कनेक्शन. यात सेशनवर अवलंबून असलेलं काही चालत नाही, सेट केलेली व्हॅल्यू पुढच्या ट्रान्झॅक्शनला असेलच असं नाही, लिसन-नोटिफाय (डेटाबेसकडून येणाऱ्या सूचना) नाही, सेशनवाले अ‍ॅडव्हायजरी लॉक नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेऱ्यांचा) त्रास मात्र पीजीबाउन्सर १.२१ पासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुटलाय. जुन्या पोस्टमध्ये अजून "प्रिपेअर्ड स्टेटमेंट बंद करा" लिहिलेलं सापडतं, तिकडे लक्ष देऊ नका.

२८ मार्च, शुक्रवार

फेलओव्हरची चाचणी. रीबूट करताना फेलओव्हर निवडता येतो, तेवढंच करायचं. साधारण ६० ते १२० सेकंद लागतात असं कागदावर आहे, आपली वेबसाइट ९० सेकंदांत परत आली, टाळ्या. रिपोर्टचा वर्कर मात्र आलाच नाही. एरर नाही, लॉग नाही, नुसता शांत. सोळाएक मिनिटांनी आपोआप जागा झाला.

हे शोधण्यात पूर्ण दुपार गेली पण मजा आली. फेलओव्हरमध्ये एन्डपॉइंटचं नाव तेच राहतं, मागचा आयपी बदलतो. डीएनएसचा (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे उत्तर धरून ठेवायचा वेळ, ५ सेकंद आहे त्यामुळे नवीन कनेक्शन बरोबर जागी जातं. पण हा वर्कर जुन्या मशीनला क्वेरी पाठवून उत्तराची वाट बघत होता, जुनं मशीन एकदम गायब झाल्यामुळे त्याला "कनेक्शन तुटलं" असं कोणी सांगितलंच नाही, आणि लिनक्स डिफॉल्टप्रमाणे पाठवलेलं पॅकेट परत परत पाठवत पंधरा-सोळा मिनिटं आशा सोडत नाही. वेबच्या बाजूला लोड बॅलन्सरने अडकलेले पॉड मारून नवे उभे केले म्हणून तिथे दिसलं नाही. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये टीसीपी यूजर टाइमआउट (आशा सोडायची मुदत) १५ सेकंद आणि कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते मधून मधून विचारणं) टाकलं, परत चाचणी, वर्कर दोन मिनिटांच्या आत परत. जाव्हावाल्या सर्व्हिसला वेगळं बघायला सांगितलंय, जाव्हा डीएनएसचं उत्तर स्वतःकडे धरून ठेवतं, तो कॅशचा वेळ कमी करायचा.

२ एप्रिल, बुधवार

लॉजिकल रेप्लिकेशन (रोमधले बदल जुन्यावरून नव्याला सतत पाठवणं) सुरू केलं, १२ मधून १६ मध्ये थेट चालतं. आधी स्कीमा (टेबलांची रचना) नेला, मग पब्लिकेशन-सबस्क्रिप्शन (जुन्याने पाठवायचं, नव्याने घ्यायचं). प्रायमरी की (प्रत्येक रो ओळखणारा कॉलम) नसलेली तीन टेबलं निघाली, त्यांच्यावर अपडेट-डिलीट अडतात, दोघांना की दिली आणि तिसरं कोणी वापरतच नव्हतं. आजपासून स्कीमा बदल बंद, कारण अल्टर टेबल पलीकडे जात नाही, आणि इकडे कॉलम वाढला की तिकडे रेप्लिकेशन थांबतं.

टेस्टिंगवाल्या मॅडमनी एक भारी गोष्ट पकडली: ग्राहकांच्या यादीत डॅश असलेली नावं नवीन ठिकाणी वेगळ्या क्रमाने येतायत. हा ग्लिबसीचा (लिनक्सच्या मूळ लायब्ररीचा) प्रकार. २.२८ मध्ये सॉर्टिंगचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले आणि आपली दोन मशीन त्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत. आपण रो कॉपी करतोय आणि इंडेक्स तिकडे नव्याने बनतायत म्हणून फक्त क्रम बदलला. फाइल्स जशाच्या तशा उचलून नेल्या असत्या तर इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि तुलना नव्या क्रमाची, मग असलेली रो सापडत नाही आणि युनिक इंडेक्समध्ये डुप्लिकेट शिरतात. क्रमाचं काय करायचं ते बिझनेसला विचारलं, "चालेल" म्हणाले.

१२ एप्रिल, शनिवार रात्र

कटओव्हर, म्हणजे प्रत्यक्ष नव्यावर जाणं. २३:०० मेंटेनन्स पेज. २३:०४ जुन्यावर अ‍ॅपच्या यूजरचे लिहिण्याचे अधिकार काढले, उघडी सेशन्स मारली. २३:०६ लॅग शून्य, दोन्हीकडचे एलएसएन (बदलांच्या लॉगमधली जागा) जुळवले. मोठ्या टेबलांचे काउंट आणि शेवटच्या तासाच्या रकमेची बेरीज दोन्हीकडे सारखी.

२३:१५ सीक्वेन्स (आयडीचे पुढचे नंबर देणारे). लॉजिकल रेप्लिकेशन सीक्वेन्सची व्हॅल्यू नेत नाही, पलीकडे सगळे १ वर उभे असतात, हे विसरलं तर पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट की. स्क्रिप्टने प्रत्येकाला जुनी व्हॅल्यू अधिक १,००० दिली. त्यातच दिसलं की इव्हेंट्सची आयडी इंटिजर आहे आणि १९० कोटींच्या पुढे गेलीये, मर्यादा २१४ कोटी ७४ लाख. हे वेगळं तिकीट, तातडीचं, आज नाही.

२३:२२ पूर्ण डेटाबेसवर अनालाइझ (क्वेऱ्या नीट चालाव्यात म्हणून आकडेवारी गोळा करणं). २३:३५ उलट दिशेचं रेप्लिकेशन सुरू, नव्यावरून जुन्यावर, म्हणजे सोमवारी काही फाटलं तर मागे फिरता यावं. २३:४१ पीजीबाउन्सर नव्याकडे वळवला, अ‍ॅपला कळलंही नाही. २३:५० मेंटेनन्स पेज काढलं. कनेक्शनवर सर्टिफिकेटची पूर्ण तपासणी चालू आहे, नुसतं "एसएसएल आहे" एवढ्यावर थांबलेलो नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

मोकळी डिस्क तासाला काही जीबीने कमी होतेय असा अलार्म. डेटा तर वाढत नाहीये. जुन्या व्हीएमला इन्फ्रावाल्यांनी पॅचसाठी बंद केलं होतं, त्यामुळे उलट्या रेप्लिकेशनचा स्लॉट (समोरच्याने कुठवर घेतलं ती नोंद) वाट बघत बसला आणि सर्व्हर त्याच्यासाठी वॉल (बदलांचा लॉग) साठवत राहिला. स्लॉटचा स्वभावच तो, समोरचा येईपर्यंत एक बाइट सोडत नाही. स्टोरेज ऑटोस्केलिंग चालू आहे म्हणजे डिस्क भरून बंद पडलं नसतं, पण डिस्क वाढली असती आणि वाढलेली परत कमी होत नाही. स्लॉटसाठी वॉलची कमाल मर्यादा ५० जीबी लावली, पोस्टग्रेस १३ पासून ही सेटिंग आहे. मर्यादा ओलांडली तर स्लॉट निकामी होईल, होऊ दे.

२२ एप्रिल, मंगळवार

मागे फिरायची गरज नाही असं सगळ्यांनी मान्य केलं, स्लॉट आणि सबस्क्रिप्शन काढून टाकलं. पीजी स्टॅट स्टेटमेंट्समध्ये वरच्या तीन क्वेऱ्याच बहुतेक वेळ खातायत, एकीला इंडेक्स हवा होता, कॉन्करंटली (टेबलवर लिहिणं न थांबवता) बनवला. मॅनेज्डवर आल्यावर साइट आपोआप वेगवान होईल असं सपोर्ट टीमला कोणीतरी सांगितलं होतं वाटतं, ते इंडेक्स नसलेलं टेबल तिथेही तितकंच हळू.

ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून झोपलेल्या सेशनसाठी टाइमआउट डिफॉल्ट २४ तास होता, तो ५ मिनिटांवर आणला. अशी एक सेशन दिवसभर उघडी राहिली की व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) मेलेल्या रो काढता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. मायग्रेशनच्या (स्कीमा बदल चालवणाऱ्या) यूजरला लॉक टाइमआउट ३ सेकंद, म्हणजे अल्टर टेबल एखाद्या लांब क्वेरीमागे अडकलं तर स्वतः माघार घेईल, त्याच्यामागे पूर्ण ट्रॅफिक तुंबणार नाही.

६ मे, मंगळवार

इव्हेंट्सची आयडी बिगइंट (खूप मोठ्या मर्यादेचा इंटिजर) करायचं काम सुरू: नवीन कॉलम, ट्रिगर, जुन्या रो थोड्या थोड्या भरायच्या, मग अदलाबदल. भरतानाचा वेग रात्री वाढवायचा, दिवसा रीड लेटन्सी वर जाते.

मेंटेनन्स विंडो रविवारी पहाटे ठेवली, मायनर अपग्रेड आपोआप, पण स्टेजिंगची विंडो शुक्रवारी, म्हणजे काही बिघडलं तर दोन दिवस आधी दिसेल. रिस्टोरची चाचणी दर तिमाहीला कॅलेंडरवर टाकली, करणारा माणूस दरवेळी वेगळा.

फायनान्सने विचारलंय की एक किंवा तीन वर्षांसाठी रिझर्व्ह केलं तर स्वस्त पडतं, मग का थांबलाय. सीपीयू दिवसा ३० टक्क्यांच्या वर जात नाहीये, बिगइंटचं काम संपल्यावर एक साइज लहान मशीन पुरेल असं वाटतंय, तोवर तीन वर्षांचं काही सही करू नका असं कळवलं. जूनचे आकडे आले की परत बोलू, तेही एक वर्षाचंच.